मळ्यातला बिल्ला ते संसदेतली खुर्ची : हवाई बेटांच्या लोकप्रतिनिधींचा इतिहास

वर्धापनदिनाची स्मरणिका निघते तेव्हा तिच्यात बुद्धगया, सारनाथ, महाड, नागपूर यांच्याविषयी लिहून येते. ते यायलाच हवे. यंदा मात्र आम्ही वाचकांना जरा दूर घेऊन जाणार आहोत. पॅसिफिक महासागराच्या मधोमध, सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे ३,८०० किलोमीटरवर काही बेटे आहेत. त्यांचे नाव हवाई. अमेरिकेचे हे पन्नासावे राज्य. या राज्याने वॉशिंग्टनच्या संसदेत कोणती माणसे पाठविली, ती कुठल्या घरातून आली आणि तिथे जाऊन त्यांनी काय केले, हे सांगण्याचा आमचा प्रयत्न आहे.

कुणी म्हणेल, आपल्या वस्तीचा आणि हवाईचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो सारनाथलाच आहे. धम्मसहलीला गेलेल्या आपल्या उपासक-उपासिकांनी सारनाथचे मूलगंधकुटी विहार पाहिले असेल. अनागारिक धर्मपाल यांनी उभारलेले हे विहार १९३१ साली खुले झाले. धर्मपालांच्या कार्याला आयुष्यभर सर्वांत मोठे दान दिले ते मेरी फॉस्टर या बाईंनी, आणि या विहारालाही त्यांच्या दानाचा हातभार लागला. या मेरीबाई हवाईच्या. वडील इंग्रज, आई हवाईच्या मूळ वंशातली. शिकागोच्या सर्वधर्म परिषदेहून परतताना १८९३ साली धर्मपालांचे जहाज होनोलुलू बंदरात थांबले, तिथे दोघांची भेट झाली. पुढे १९१३ साली धर्मपालांनी श्रीलंकेतल्या अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे रोप मेरीबाईंना दिले. त्याचा मोठा वृक्ष होऊन तो होनोलुलूच्या फॉस्टर उद्यानात उभा आहे.

याच १८९३ सालाची दुसरी एक गोष्ट मात्र आनंदाची नाही. तोवर हवाई हे स्वतंत्र राज्य होते आणि राणी लिलिउओकलानी गादीवर होती. १७ जानेवारी १८९३ रोजी तिथल्या साखर मळेवाल्यांनी आणि व्यापाऱ्यांनी, अमेरिकी नौसैनिकांच्या धाकावर, राणीला पदच्युत केले. १८९८ साली अमेरिकेने ही बेटे आपल्या मुलखाला जोडून टाकली. म्हणजे पुढे ज्या लोकप्रतिनिधींची हकीकत आपण वाचणार आहोत, त्यांच्या खुर्चीखालची जमीन मुळात कुणाची होती, हे आधीच लक्षात ठेवलेले बरे.

अमेरिकेची ‘काँग्रेस’ म्हणजे काय?

इथे थोडा खुलासा करतो. अमेरिकेच्या संसदेला ‘काँग्रेस’ म्हणतात. आपल्याकडच्या काँग्रेस पक्षाशी तिचा काही संबंध नाही. तिची दोन सभागृहे. एक प्रतिनिधीगृह, आपल्या लोकसभेसारखे. लोकसंख्येच्या प्रमाणात सभासद. दुसरे सिनेट. तिथे राज्य लहान असो की मोठे, प्रत्येकाचे दोनच सिनेटर, आणि तेही थेट जनतेने निवडलेले.

आता बघा, हवाईची लोकसंख्या २०२० च्या शिरगणतीत साडेचौदा लाख भरली. म्हणजे जवळपास आपल्या गोव्याएवढी. गोव्यातून लोकसभेत दोन आणि राज्यसभेत एक असे तीन खासदार जातात. महाराष्ट्रातून ४८ आणि १९ जातात. हवाईचे एकूण चारच : प्रतिनिधीगृहात दोन, सिनेटमध्ये दोन. एवढ्या मोठ्या देशात चार माणसांना कोण विचारतो, असे वाटेल. पण या चार खुर्च्यांवरून जे कायदे झाले, ते सगळ्या अमेरिकेला लागू झाले.

गळ्यातला बिल्ला

आपल्याकडे ऊसतोडणीच्या टोळ्या, मुकादम, उचल आणि उधारी हे शब्द कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. हवाईचे साखरमळे असेच होते, फक्त मजूर समुद्रापलीकडून आणलेले. आधी चिनी आले. मग १८८५ पासून सरकारी करारावर जपानी आले. पहिल्याच जहाजातून नऊशेहून अधिक उतरले. पोर्तुगीज, कोरियन, फिलिपिनो असे एकेक आले. मळ्यात प्रत्येक वंशाची वेगळी चाळ. कामही तेच आणि घामही तोच, पण मजुरी वंश बघून. घोड्यावर बसलेल्या मुकादमाला तिथे ‘लुना’ म्हणत.

मजुराला नाव नव्हते. त्याच्या गळ्यात धातूचा बिल्ला असे आणि त्यावर नंबर. या बिल्ल्याला ‘बांगो’ म्हणत. पगार त्या नंबरावर, दुकानातली उधारी त्या नंबरावर, हाक मारायची ती नंबराने. माणसाचे माणूसपण पुसायचे असेल तर आधी त्याचे नाव काढून घेतात, हे आपल्याला नवीन नाही.

या मजुरांनी आपल्या चाळींतून बुद्धविहारे उभी केली. १८८९ मध्ये जपानहून सोर्यू कागाही नावाचे भिक्खू आले आणि होंगवानजी पंथाचे काम सुरू झाले. १९१८ साली होनोलुलूत त्यांचे मोठे विहार बांधले गेले आणि त्याला घुमट दिले ते भारतीय धर्तीचे. बुद्धभूमीची आठवण त्या मजुरांनी अशी दगडविटांत जपली. मुलांना भाषा शिकवायची, लग्ने लावायची, मयताला चार माणसे जमवायची, हे सगळे विहारातच. संपात घराबाहेर काढलेल्या कुटुंबांनाही याच विहारांनी आसरा दिला.

आणि राजकीय हक्क? पहिल्या पिढीला काहीच नाही. जपानहून आलेल्या माणसाला अमेरिकेचे नागरिक होताच येत नव्हते. तो अडसर १९५२ साली दूर झाला. पण बेटांवर जन्मलेली मुले जन्मानेच नागरिक होती. सगळी आशा या मुलांवर होती. ‘आपण नाही, तर आपले पोर तरी’, हे वाक्य आपल्या वस्तीत जसे घराघरात बोलले गेले, तसेच ते त्या चाळींतही बोलले गेले असणार.

बोलता येते, मत देता येत नाही

१९०० साली हवाईला ‘टेरिटरी’चा दर्जा मिळाला. म्हणजे मुलूख अमेरिकेचा, पण राज्याचा मान नाही. वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी पाठवता येई. त्याने बोलावे, विनंती करावी. मतदान मात्र करू नये. ही खुर्ची सर्वांत जास्त काळ सांभाळली ती राजघराण्यातल्या जोना कुहिओ कलानिआनाओले यांनी. राजपुत्र कुहिओ १९०३ पासून १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत प्रतिनिधी होते. मताचा अधिकार नसतानाही त्यांनी १९२१ साली एक कायदा करून घेतला. मूळ हवाईयन लोकांना वसण्यासाठी सुमारे दोन लाख एकर जमीन राखून ठेवण्याचा तो कायदा. त्यात मेख अशी मारली गेली की, ज्याच्या अंगात निम्मे तरी मूळ हवाईयन रक्त आहे त्यालाच जमीन. शिवाय चांगली उसाची जमीन मळेवाल्यांकडेच राहिली. कायदा झाला, पण पोट भरले नाही.

मताशिवायची खुर्ची म्हणजे काय, हे यावरून कळते. आपल्या बाबासाहेबांनी १९१९ साली साऊथबरो कमिटीपुढे साक्ष देताना अस्पृश्यांसाठी मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी मागितले होते. ती मागणी किती मुळाची होती, ते हवाईच्या उदाहरणानेही पटते.

युद्ध आणि संशय

७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने हवाईतल्या पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले. त्या दिवसापासून जपानी चेहऱ्याचा प्रत्येक माणूस शत्रू ठरला. बेटांवर लष्करी कायदा आला. बौद्ध भिक्खूंना पकडून छावण्यांत टाकले, विहारांची दारे बंद झाली. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर तर सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना घरेदारे सोडायला लावून काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडले. त्यातले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते.

तरीही १९४३ साली लष्कराने जपानी वंशाच्या तरुणांची पलटण उभारायचे ठरवले, तेव्हा हवाईत स्वयंसेवकांची रांग लागली. ही ४४२ वी पलटण. सैनिकाच्या गळ्यातल्या पट्टीवर धर्माचे अक्षर कोरत. प्रोटेस्टंट, कॅथलिक आणि ज्यू यांची सोय होती, बौद्धांना अक्षरच नव्हते. बापाच्या गळ्यात नंबराचा बिल्ला आणि पोराच्या गळ्यात धर्म नसलेला बिल्ला! कागदावर ‘बौद्ध’ लिहून घेण्याचे महत्त्व आपल्याला वेगळे सांगायला नको.

या पलटणीने फ्रान्समध्ये वेढ्यात सापडलेले टेक्सासचे २११ जवान सोडवून आणले आणि त्यासाठी आपली शेकडो माणसे गमावली किंवा जायबंदी करून घेतली. तिच्यातच होता होनोलुलूचा डॅनिएल इनोये. जन्म १९२४, डॉक्टर व्हायचे स्वप्न. २१ एप्रिल १९४५ रोजी इटलीतल्या एका टेकडीवर लढताना त्याचा उजवा हात गेला. (त्याच महिन्यात, त्याच इटलीत, सेनियो नदीकाठी आपल्या मराठा पलटणीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता.)

हात गेला, पदके मिळाली, आणि घरी परतताना सॅन फ्रान्सिस्कोच्या भागात हा अधिकारी गणवेशात केस कापायला गेला, तर न्हाव्याने जपान्याचे केस कापणार नाही म्हणून सांगितले. वाचकहो, आमच्या आज्या-पणज्यांनी हाच अनुभव गावोगाव घेतला. सात समुद्रापलीकडे वस्तरा तोच आणि नकारही तोच.

वकिलीच्या पदव्या आणि १९५४

युद्धावरून परतलेल्या जवानांना सरकारी खर्चाने शिकायची सोय होती. मळ्यातली पोरे तिचा फायदा घेऊन महाविद्यालयात गेली, वकील झाली. इनोयेंनी डॉक्टरकीचा नाद सोडून कायद्याची पदवी घेतली. तोवर हवाईचे राजकारण पाच मोठ्या साखर कंपन्यांच्या मुठीत होते. १९५४ च्या निवडणुकीत गोदी आणि मळ्यांतल्या कामगार संघटना, हे परतलेले जवान आणि जॉन बर्न्स नावाचा एक माजी पोलीस अधिकारी अशा सगळ्यांनी मिळून ती मूठ सोडवली. बंदूक न उचलता, मतपेटीतून.

आता उरला प्रश्न राज्याच्या दर्जाचा. वर्षानुवर्षे तो अडला होता. दक्षिणेकडच्या राज्यांतले गोऱ्यांच्या वर्चस्वाचे पुढारी म्हणत, गोरे नसलेल्यांचे बहुमत असलेले राज्य नको. उद्या त्यांचे सिनेटर काळ्यांच्या बाजूने मत देतील. त्यांची भीती खरी होती, हे पुढे दिसलेच! वॉशिंग्टनला प्रतिनिधी म्हणून गेलेल्या बर्न्स यांनी आधी अलास्काला पुढे जाऊ दिले आणि मागोमाग हवाईचे काम करून घेतले. जनमत घेतले तेव्हा शंभरात जवळजवळ ९४ मते बाजूने पडली. २१ ऑगस्ट १९५९ रोजी हवाई राज्य झाले.

पहिली तुकडी

नव्या राज्याचे पहिले एकमेव प्रतिनिधी म्हणून इनोये निवडून आले. प्रतिनिधीगृहात बसणारे ते पहिले जपानी वंशाचे अमेरिकन. शपथविधीच्या वेळी सभापती सॅम रेबर्न यांनी रिवाजाप्रमाणे उजवा हात वर करायला सांगितले. इनोयेंनी डावा हात वर केला. उजवा हात तर देशासाठी इटलीतच राहिला होता. सभागृहातला उरलासुरला आकस त्या क्षणी विरघळला, अशी आठवण त्यांच्या एका सहकाऱ्याने पुढे सभागृहातच सांगितली.

सिनेटमध्ये गेले हायरम फाँग. चीनमधून मळ्यावर मजुरीला आलेल्या बापाचे पोर, अकरा भावंडांतले. लहानपणी बूटपॉलिश केले, वर्तमानपत्रे विकली, आणि हार्वर्डमधून वकील झाले. आशियाई वंशाचे ते पहिले सिनेटर. ते रिपब्लिकन पक्षाचे आणि इनोये डेमोक्रॅटिक पक्षाचे. १९६२ च्या निवडणुकीत इनोयेही सिनेटवर निवडून आले.

१९६४ साली काळ्या लोकांच्या नागरी हक्कांचा कायदा सिनेटपुढे आला. दक्षिणेचे सभासद भाषणे लांबवून तो हाणून पाडू पाहत होते. हवाईच्या दोन्ही सिनेटरांनी, पक्ष वेगवेगळे असूनही, कायद्याच्या बाजूने मत दिले. १९६५ मध्ये मार्टिन लूथर किंग सेल्माहून मोर्चा घेऊन निघाले तेव्हा त्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा होत्या. त्या माळा हवाईच्या रेव्हरंड अब्राहम आकाका यांनी पाठवल्या होत्या. त्यांच्या धाकट्या भावाला आपण पुढे भेटणार आहोत. त्याच वर्षी वंश आणि देश बघून परदेशी माणसांना घेण्याचा जुना कोटा रद्द झाला. आपल्याकडचे मराठी डॉक्टर आणि इंजिनियर पुढे अमेरिकेत जाऊन स्थायिक होऊ शकले ते याच कायद्यामुळे.

पॅट्सी मिंक : मळ्याकाठची मुलगी

या सगळ्यांत आमच्या माताभगिनींनी लक्षात ठेवावे असे नाव म्हणजे पॅट्सी ताकेमोतो मिंक. १९२७ साली माऊई बेटावर, उसाच्या मळ्यांच्या परिसरात त्यांचा जन्म. नेब्रास्काच्या विद्यापीठात गेल्या तर गोरे नसलेल्या विद्यार्थ्यांचे वसतिगृह वेगळे. त्याविरुद्ध त्यांनी मोहीम काढली आणि विद्यापीठाला नियम बदलायला लावला. डॉक्टर व्हायचे होते, पण एकाही वैद्यकीय कॉलेजने घेतले नाही. मग शिकागोहून वकिलीची पदवी घेतली. त्यात लग्न झालेली, पदरी लहान मूल. नोकरी देईना कुणी. हवाईत येऊन त्यांनी स्वतःची वकिली थाटली.

१९६४ साली त्या प्रतिनिधीगृहावर निवडून आल्या. गोऱ्या वंशाबाहेरची ही अमेरिकी संसदेतली पहिली स्त्री. ज्या दारांवर ‘मुलींना प्रवेश नाही’ असे न लिहिताही लिहिलेले होते, ती दारे उघडायचे काम त्यांनी हाती घेतले. १९७२ साली ‘टायटल नाइन’ नावाचे कलम झाले. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला स्त्री म्हणून कुणाला डावलता येणार नाही, असे त्यात ठरले. हे कलम घडवणाऱ्यांत मिंकबाई पुढे होत्या. वैद्यकीय आणि कायद्याच्या कॉलेजांत, खेळाच्या मैदानावर मुलींची संख्या नंतर वाढत गेली, तिचा पाया इथे आहे.

१९७५ साली या कलमाला भोक पाडायचा प्रयत्न झाला. ऐन मतदानाच्या वेळी मिंकबाईंना निरोप आला की मुलीला मोटार अपघात झाला. आई होती, धावत निघाली. आणि मुलींच्या बाजूचा पराभव झाला, अवघ्या एका मताने! कारण कळल्यावर सभागृहाने दुसऱ्या दिवशी फेरमतदान घेतले आणि कलम वाचले. एका मताची किंमत काय असते, हे निवडणुकीच्या दिवशी घरी झोपून राहणाऱ्या आमच्या तरुणांनी यावरून समजून घ्यावे.

मिंकबाई १९७७ पर्यंत आणि पुन्हा १९९० पासून २००२ मध्ये निधन होईपर्यंत प्रतिनिधीगृहात होत्या. मतपत्रिका छापून झाल्या होत्या, म्हणून निधनानंतरच्या निवडणुकीतही लोकांनी त्यांनाच निवडून दिले. टायटल नाइनला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले.

स्पार्क मात्सुनागा : माफी आणि भरपाई

काउआई बेटावरच्या मळ्यातल्या गरीब घरात १९१६ साली जन्मलेले स्पार्क मात्सुनागा हे इटलीतल्या लढाईत जखमी झालेले जवान, मग हार्वर्डचे वकील, १९६३ पासून प्रतिनिधीगृहात आणि १९७७ पासून सिनेटमध्ये. शांततेचा अभ्यास करणारी सरकारी संस्था असावी, हा त्यांचा ध्यास. १९८४ साली तशी संस्था कायद्याने स्थापन झाली.

पण त्यांचे मोठे काम म्हणजे छावण्यांत कोंडलेल्या लोकांना न्याय मिळवून देणे. इनोयेंनी सुचवले की, आधी चौकशी आयोग नेमा, देशाला सत्य कळू द्या. आयोगाने निर्वाळा दिला की ही कोंडाकोंडी लष्करी गरजेपोटी झालेली नव्हती. वंशद्वेष, युद्धाची भीती आणि पुढाऱ्यांचे अपयश ही तिची कारणे. मग मात्सुनागांनी सिनेटमध्ये एकेका सहकाऱ्याला गाठून पाठिंबा गोळा केला. १० ऑगस्ट १९८८ रोजी राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी कायद्यावर सही केली. सरकारने माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला २० हजार डॉलर दिले. सुमारे ८२ हजार लोकांना ते मिळाले. १९९० साली मात्सुनागांचे निधन झाले.

पैशाने गेलेली वर्षे परत येत नाहीत. पण सरकारने ‘आमचे चुकले’ असे कायद्यात लिहून देणे, ही लहान गोष्ट नव्हे.

आकाका आणि अपुरे राहिलेले काम

मळेमजुरांच्या मुलांना न्याय मिळाला. पण ज्यांची जमीन होती, त्या मूळ हवाईयन लोकांचे काय? हा प्रश्न डॅनिएल आकाका यांनी लावून धरला. माळा पाठवणाऱ्या अब्राहम आकाकांचे हे धाकटे भाऊ, पेशाने शिक्षक आणि मुख्याध्यापक. १९७७ पासून प्रतिनिधीगृहात, १९९० पासून २०१३ पर्यंत सिनेटमध्ये. मूळ हवाईयन वंशाचे पहिले सिनेटर.

राणीला पदच्युत केल्याला शंभर वर्षे झाली तेव्हा, २३ नोव्हेंबर १९९३ रोजी, अमेरिकेने त्या कृत्याबद्दल ठराव करून माफी मागितली. त्यामागे आकाका होते. त्याच वर्षी इनोयेंच्या प्रयत्नाने काहोओलावे बेटाचा कायदा झाला. नौदलाने १९४१ पासून या बेटाचा बॉम्बफेकीच्या सरावासाठी वापर केला होता. १९९० मध्ये ती थांबली, आणि या कायद्याने बेट हवाईला परत देऊन सफाईसाठी ४० कोटी डॉलर ठरले. जपानी वंशाच्या जवानांची शौर्यपदके वंशद्वेषापोटी खालच्या दर्जाची दिली गेली का, याची तपासणीही आकाकांनीच लावली. म्हणून २००० साली इनोयेंसह २२ आशियाई वंशाच्या जवानांना देशातले सर्वोच्च शौर्यपदक मिळाले.

पण खरे तेही सांगितले पाहिजे. माफीच्या ठरावाने जमिनीचा तुकडाही परत मिळाला नाही. मूळ हवाईयन लोकांच्या स्वराज्याला मान्यता देणारे विधेयक आकाकांनी २००० सालापासून पुन्हा पुन्हा मांडले आणि निवृत्त होईपर्यंत ते मंजूर झाले नाही. गोऱ्या पुढाऱ्यांनी त्याला वंशावर आधारलेले म्हटले, तर खुद्द मूळ हवाईयनांतले काही म्हणाले, आमचे राज्य हिसकावून घेतले, आता त्याच सरकारची मान्यता कशाला? इनोयेंवरही टीका झालीच : सिनेटच्या खर्च समितीत बसून त्यांनी राज्याकडे पैशाचा ओघ वळवला, रस्ते-बंदरे झाली, पण लष्कराचे तळही मोठे होत गेले.

शेवटचे पत्र, आणि पहिल्या बौद्ध सिनेटर

इनोये १७ डिसेंबर २०१२ रोजी वारले. जवळजवळ पन्नास वर्षे ते सिनेटमध्ये होते. वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशी समितीत बसले, इराण-काँट्रा प्रकरणाच्या सिनेट समितीचे अध्यक्ष झाले. २००२ साली इराकवरच्या युद्धाला परवानगी देण्याचा ठराव आला तेव्हा त्यांनी आणि आकाकांनी विरोधात मत दिले. शेवटच्या आजारात त्यांनी राज्यपालांना पत्र लिहिले की, माझ्या जागी कॉलीन हानाबुसा यांना नेमावे. राज्यपालांनी ब्रायन शॅट्झ यांना नेमले. खुर्ची कुणाच्या मालकीची नसते, मोठ्या माणसाच्याही नाही. लोकशाहीत ते बरेच म्हणायचे.

कॉलीन हानाबुसा या बौद्ध. त्यांच्याआधी, २००७ साली, अमेरिकी संसदेत पहिले दोन बौद्ध सभासद दाखल झाले : जॉर्जियाचे हँक जॉन्सन आणि हवाईच्या मेझी हिरोनो. हिरोनोबाईंचा जन्म १९४७ साली जपानमध्ये. बाप व्यसनी आणि मारझोड करणारा. आईने १९५५ साली त्याला सोडले आणि मुलांना घेऊन बोटीने हवाई गाठले. एका खोलीत संसार, आईची मिळेल ती नोकरी. या आईची मुलगी २०१३ साली सिनेटर झाली : पहिली बौद्ध आणि आशियाई वंशाची पहिली स्त्री. आपण नित्यनेमाने उपासना करणाऱ्या नाही, पण बौद्ध संस्कारात वाढलो, असे त्या मोकळेपणाने सांगत आल्या. २०१७ साली, कर्करोगावर उपचार चालू असताना, त्या सिनेटमध्ये उभ्या राहिल्या आणि गरिबांची आरोग्यसेवा काढून घेऊ नका म्हणून बोलल्या. जपानमध्ये औषधपाण्याविना गेलेल्या आपल्या चिमुकल्या बहिणीची आठवण त्यांनी सांगितली. २०२१ मध्ये आशियाई वंशाच्या लोकांवर हल्ले वाढले तेव्हा त्यांनी मांडलेले विधेयक सिनेटने ९४ विरुद्ध १ अशा मतांनी मंजूर केले.

या यादीतले सगळे बौद्ध नव्हते, हे स्पष्ट सांगतो. इनोये ख्रिस्ती, आकाकांचे घराणे ख्रिस्ती. २०१३ साली याच राज्याच्या तुलसी गबार्ड यांनी गीतेवर हात ठेवून शपथ घेतली. हवाईच्या विधिमंडळाने १९६३ सालीच ८ एप्रिल हा ‘बुद्ध दिन’ म्हणून मान्य केला होता. ज्या विहारांची दारे १९४१ मध्ये बंद केली गेली, त्यांचा दिवस बावीस वर्षांत राज्याच्या कायद्यात आला.

यातून काय घ्यायचे?

आम्हाला या इतिहासात मोठी वाटते ती एक गोष्ट. ही माणसे संसदेत पोहोचली, हे अर्धे काम. उरलेले अर्धे असे की, त्यांनी आपल्या वाट्याला आलेला अपमान लक्षात ठेवला आणि त्याचा कायदा केला, तोही फक्त आपल्या लोकांपुरता नाही. वैद्यकीय कॉलेजने नाकारलेल्या पॅट्सीने सगळ्या मुलींसाठी दार उघडले. न्हाव्याने हाकललेल्या इनोयेंनी काळ्यांच्या हक्काला मत दिले. आणि जिथे काम अपुरे राहिले, तिथे ते ज्यांचे सर्वांत आधी हिरावले गेले त्यांच्याच बाबतीत राहिले. सत्तेत गेलेल्या कुठल्याही समाजाने स्वतःला विचारावा असा हा प्रश्न आहे : आपण वर आलो, आपल्याही खाली कोण राहिले?

राखीव जागांमुळे आपल्या वस्त्यांतून नगरसेवक झाले, आमदार झाले, खासदार झाले. त्यांच्या सत्काराला आपण हार घेऊन जातो, जावेच. पण पाच वर्षांनी हिशेबही मागावा : कोणता ठराव मांडला, कोणत्या प्रश्नावर तोंड उघडले, शेजारच्या वस्तीतल्या भटक्या-विमुक्तांसाठी, सफाई कामगार बायांसाठी काय केले? मळ्यातल्या मजुराचा नंबर असलेला बिल्ला त्याच्या नातवंडांनी जपून ठेवला, तो मिरवण्यासाठी नाही. आपल्या घरातही आजोबांची एखादी वस्तू असेलच. मुलांना ती दाखवा, तिची गोष्ट सांगा, आणि मतदार यादीत नाव आहे की नाही तेही त्याच दिवशी बघून घ्या.